हत्तीकान जेवत नाही

आमच्या गंगाधर भाऊजींच्या घरून उपाशी परत गेलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. अर्धपोटी गेलेलाही नाही. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस त्यांच्याकडे पोहे खाऊन जातो, कुरिअरवाला सरबत पिऊन जातो. एकदा तर पत्ता चुकून एक कुटुंब मुलगी बघायला म्हणून भाऊजींच्याच जिन्याने वर चढलं. भाऊजींनी काही विचारायच्या आधी त्यांना बसवलं, भरपेट खाऊ घातलं आणि मग सांगितलं, की मुलीचं घर पुढच्या गल्लीत आहे. तिथे त्या मंडळींना एक घास जाईना आणि मुलीकडच्यांचे चेहरे पडले. लग्न जमलं, हे भाऊजींचं नशीब.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, पद्मिनीताईचे यजमान. गंगाधर देशकर, रेल्वेतले निवृत्त गार्ड. हल्ली रेल्वेने गार्डांना ट्रेन मॅनेजर असं नाव दिलंय. ते त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. "मॅनेजर ब्यांकेत असते," ते म्हणतात, "गाडीवर गार्ड असते." रायपूरच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीची पंगत बसली की चाळीस वर्षं जिलबी वाढायचं काम त्यांच्याकडे. ते परात घेऊन समोर उभे राहिले की पानावर आडवा हात धरण्यात काही अर्थ नसतो. ते हातावर जिलबी ठेवतात.

नोकरी सुटली तरी एक सवय काही सुटली नाही. गाडी निघताना गार्डने मागून हात दाखवायचा, ड्रायव्हरने पुढून उत्तर द्यायचं, म्हणजे सगळं ठीक आहे. याला ते 'ऑल राइट मिळालं' म्हणतात. भाऊजी रोज सकाळी सात वाजता बूढापाऱ्यातल्या घराच्या गॅलरीत उभे राहतात आणि खालून जाणाऱ्या शाळेच्या रिक्षांना, स्कूटरींना, दूधवाल्याला हात वर करून ऑल राइट देतात. गल्लीसुद्धा हात वर करून ते परत करते. कोणी विसरलं तर भाऊजी दिवसभर बेचैन. त्यांना कधीच उत्तर न देणारं माणूस एकच, त्यांची मुलगी मंजिरी. शाळेत असताना ते तिच्या रिक्षालाही असाच हात करायचे, त्यावर मैत्रिणी हसल्या, तेव्हापासून ती खाली मान घालून निघून जाते. आज ती चाळिशीला टेकली, मोटार चालवते, तरी तसंच. भाऊजी मात्र अजून तिच्या गाडीला हात करतात.

आणि मी शर्मिष्ठा. एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, भाऊजींपासून दोन गल्ल्या सोडून राहते. मी तिखट स्वभावाची आहे असं लोक म्हणतात. लोकांना शिस्त सोसत नाही, त्याला मी काय करू?

ताई गेली त्याला तीन वर्षं झाली. त्या घरात तेव्हापासून काही हललं नाही. तिचा चष्मा टीव्हीशेजारी होता तिथेच आहे. वाट्या ती लावायची त्याच क्रमाने लागतात. चहाची गाळणी मोडली तर भाऊजी तसलीच शोधत अख्खा गोलबाजार हिंडले. नवीन म्हणावी अशी एकच वस्तू त्या घरात आली, ती म्हणजे समुद्र. दरवर्षी रेल्वेच्या पासवर ते दोघं विशाखापट्टणमला जायचे आणि ताई तासन्‌तास वाळूत बसून राहायची. ती गेल्यावर सहा महिन्यांनी भाऊजींनी बैठक आणि स्वयंपाकघराच्या मध्ये एक मोठी काचेची टाकी उभी केली. खारं पाणी, सूक्ष्म जीव वस्तीला असलेले 'जिवंत' खडक, चार मासे. पाण्यातला क्षार तपासायला मला बोलावलं, आणि मी तेव्हापासून अडकले.

आता हत्तीकान. हा प्रवाळाच्या गोतातला एक प्राणी. भाऊजींनी तो तेलीबांध्याच्या पिंकीच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून आणला. उघडला की हत्तीच्या कानासारखा पसरतो, आणि अंगावर घास पडला की चहूकडून कडा आत घेऊन मिटतो, मोदकाची पारी वळावी तसा. म्हणजे असं पिंकीने मोबाइलवर दाखवलं. आमच्याकडे आला तो एका दगडाच्या तुकड्यावर बसलेला तपकिरी, सुरकुतलेला गोळा होता. कांताबाईने, म्हणजे घरकामाच्या बाईने, त्याला पाहिलं आणि म्हणाली, "अई, ये तो फुटू हे!" फुटू म्हणजे इकडची अळंबी. भाऊजींना ते फारसं आवडलं नाही.

पिंकीने त्यांना साफ सांगितलं होतं. मी पुढे तिला विचारलं तेव्हा तिने शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं, "अंकल, इसको बस अकेला छोड़ दीजिए. तेज लाइट नहीं, तेज बहाव नहीं. जब खुले, तब झींगे का छोटा टुकड़ा." झींगा म्हणजे कोळंबी. भाऊजींनी यातलं काय ऐकलं असेल, देव जाणे. पाहुण्याला एकटं सोडा, हे वाक्य त्यांच्या कानात शिरायला जागाच नव्हती.

नेमका त्याच आठवड्यात दुधाचा प्रकार झाला. भाऊजी गॅसवर दूध ठेवून बूढा तलावावर फिरायला गेले. खालच्या मजल्यावरच्यांना जळका वास आला, त्यांनी मला फोन केला, मी किल्ली घेऊन धावले. पातेलं काळं ठिक्कर. भांडं गेलं, बाकी काही नाही. पण ही बातमी मंजिरीपर्यंत पोचली आणि रविवारी ती आली तीच तयारीने.

मंजिरी मंत्रालयात अधिकारी आहे, नव्या रायपूरला सरकारी फ्लॅटमध्ये राहते. रुंद रस्ते, झाडं, शांतता. भाऊजी तिथे चार दिवस राहून आले होते. सकाळी सातला गॅलरीत उभे राहिले, तर वीस मिनिटांत तीन मोटारी गेल्या, तिन्हींच्या काचा बंद.

"बाबा, बस झालं आता," मंजिरी म्हणाली. "माझ्याकडे चला. हे घर भाड्याने देऊ."

"मले काय धाड भरली इथं?"

"गोळ्या विसरता. गॅस विसरता. उद्या काय विसराल? आणि बाबा, तुम्ही इथे राहून नाही राहिले. तुम्ही आईच्या वस्तूंवर ड्यूटी करून राहिले. तीन साल हो गए, एक वाटी तरी इकडची तिकडे केली का तुम्ही?"

हे जरा लागलं. भाऊजींचा चेहरा उतरला आणि मग लगेच चढला. त्यांनी टाकीकडे बोट केलं. "मी समुद्र सांभाळून राहिलो अडीच वर्षांपासून! एक मासा नाही मेला. आणि मले गॅस सांभाळता येत नाही?"

"मासे खातातच हो कुणाच्याही हातचं. ते नवीन आणलं ना, ते तर मेल्यासारखं दिसून राहिलं."

इथे भाऊजींनी आयुष्यातली सगळ्यात अविचारी झेंडी दाखवली. "महिन्याभरात हे उघडून जेवलं नाही, तर मी सामान बांधतो. आणि जेवलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"पक्का?"

"गार्डचा शब्द आहे."

मंजिरी चांगली पोरगी आहे, पण सरकारी नोकरीत मुरलेली. तिने मोबाइलवर तारीख टाकून घेतली. मी मात्र घरी जाताना रस्ताभर भाऊजींना मनातल्या मनात शिव्या घातल्या. कारण उघड आहे. ते नव्या रायपूरला गेले तर मी भांडायचं कोणाशी?

मग सुरू झाला पाहुणचार. हत्तीकानाला त्यांनी टाकीच्या मधोमध, दिव्याच्या बरोबर खाली, सगळ्यात उंच खडकावर बसवलं. पाहुण्याला मानाची जागा. पंख्याने पाणी ढवळणारा पंप त्याच्याकडे वळवला, हवा लागावी म्हणून. आणि दर दोन तासांनी लांब नळीने त्याच्या तोंडाशी काहीतरी सोडायला लागले. मी सकाळी गेले की नळी, दुपारी गेले की नळी. हत्तीकान आणखी आणखी आक्रसून सुपारीएवढं झालं.

"शर्मिष्ठा, हे काहून नाही उघडून राहिलं?"

"तुम्ही त्याला टोचणं थांबवा, मग विचारा."

"टोचून नाही राहिलो, आग्रह करून राहिलो."

दहाव्या दिवशी पाण्याला वास यायला लागला. अन्न कुजलं की पाण्यात वाढतं ते नायट्रेट मी तपासलं. परीक्षानळीतलं पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं. इतका लाल रंग मी शाळेच्या प्रयोगशाळेतसुद्धा पाहिला नव्हता.

"भाऊजी, खरं सांगा. काय वाढलंत याला?"

ते खुर्चीत चुळबुळले. "काही नाही. वरणावरचं पाणी."

"आणि?"

"दोन शितं. चांगली कुस्करून."

"आणि?"

"साबुदाण्याचा एक दाणा. भिजवलेला. मले वाटलं, नवीन जागी आलं आहे, हलकं चालेल."

मी कपाळावर हात मारला. आमच्या घराण्यात लोकांनी काय काय वाढलं असेल, पण समुद्रातल्या प्राण्याला उपासाचं वाढणारे हेच पहिले. "पिंकीने झिंगे द्यायला सांगितलं होतं ना?"

भाऊजी उठून उभे राहिले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "पद्मिनीच्या घरात झिंगे? शर्मिष्ठा, तिच्या फ्रिजमध्ये कधी अंडं गेलं नाही."

ते खरं होतं. मंजिरी लहानपणी शाळेतून मैत्रिणीच्या डब्यातलं ऑम्लेट खाऊन आली होती, तर ताईने तिला आधी आंघोळीला पाठवलं होतं. मग मीही झिंग्यांचा आग्रह सोडला.

दोन दिवस खपून मी आणि भाऊजींनी टाकीतलं पाणी थोडं थोडं बदललं. दिवा मंद केला, पंपाचं तोंड फिरवलं, आणि ती नळी मी माझ्या घरी नेऊन कुलपात ठेवली. हो, कुलपात. माझा भाऊजींवर विश्वास नव्हता. खडकावरून त्याला खाली आणायचं का, यावर आमची खडाजंगी झाली. शेवटी मी म्हटलं, आता त्याला कोणी हात लावायचा नाही, ना तुम्ही ना मी. भाऊजी टाकीसमोर खुर्ची टाकून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. वाढायची सवय असलेल्या हातांचे फार हाल झाले त्या आठवड्यात.

तिसऱ्या रविवारी मंजिरी आली, सुपारीएवढा गोळा बघून गेली. हसली नाही, टोमणा मारला नाही. जाताना मला जिन्यात म्हणाली, "मावशी, उनको बुरा लगेगा, मालूम है. पण मला झोप नाही लागत ग. रोज वाटते, आज फोन उचलतील की नाही." तिची बाजूही खरीच होती.

ती गेल्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला. नेहमी फोनवर ते ओरडतात, पलीकडचा माणूस बिलासपूरला असल्यासारखे. त्या दिवशी हळू बोलले. "शर्मिष्ठा, ये."

गेले. टाकीतल्या मानाच्या खडकावर नुसता दगडाचा तुकडा होता. हत्तीकान नव्हतं. आम्ही पुढून पाहिलं, वरून पाहिलं, मी टॉर्च मारली. मासे मजेत फिरत होते. त्यांच्यातल्या एकाने ते खाल्लं असावं, नाहीतर ते विरघळून गेलं असावं, असं मलाही वाटलं. मऊ प्राणी असतात, मेले की काही उरत नाही.

"संपलं," भाऊजी म्हणाले.

मग ते टीव्हीपाशी गेले. ताईचा चष्मा उचलला. धुतलेल्या रुमालात गुंडाळून त्यांनी तो आपल्या जुन्या ड्यूटीच्या पेटीत ठेवला. ही गार्डची लोखंडी पेटी, वर पांढऱ्या रंगात नाव लिहिलेली. तीन वर्षांत पहिल्यांदा तो चष्मा हलला. मी तिथेच रडायला लागले. मला रडता येत नाही नीट, राग आल्यासारखं होतं. "एका चिमूटभर प्राण्यासाठी कोणी घर सोडतं का?" मी ओरडले. "मी बोलते मंजिरीशी!"

"शब्द दिला आहे," ते म्हणाले. "आणि पोरगी काही चुकीचं नाही म्हणून राहिली. दूध तर मीच विसरलो ना." जरा थांबून म्हणाले, "मले तिथं खायला-प्यायला कमी नाही पडणार, माहीत आहे. पण शर्मिष्ठा, सकाळी सात वाजता मी करू काय?"

मी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले. कांताबाई तिथे पाट घेऊन बसली होती आणि टाकीची मागची काच पुसत होती. ही बाजू स्वयंपाकघराकडे आहे, अंधारी. खडक आड येतात, म्हणून बैठकीतून तिकडचं काही दिसत नाही. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"बाबूजी! तुंहर फुटू तो एती लुकाए हे!" म्हणजे, तुमची अळंबी इकडे लपून बसलीय.

भाऊजी आले ते धावतच. आम्ही दोघं साठी उलटलेली माणसं गुडघ्यांची पर्वा न करता फरशीवर उकिडवी बसलो. खडकांच्या पाठीमागे, खालच्या कोपऱ्यात, जिथे दिव्याचा उजेड पोचत नाही आणि पाणी जेमतेम हलतं, तिथे एका दगडाला चिकटून हत्तीकान बसलं होतं. आणि उघडलं होतं. थालीपिठाएवढं. मऊ, हिरवट-करड्या रंगाचं, कडा किंचित लाटा घेत असलेलं. मानाची जागा, दिवा, वारा, वरण, सगळं नाकारून ते रातोरात दगडावरून सुटलं होतं, पाण्याबरोबर वाहत आलं होतं आणि आपल्याला हवी तिथे जाऊन बसलं होतं.

"हव," कांताबाई म्हणाली, "फुटू छाँव मा होथे." हो, अळंबी सावलीतच उगवते. हे ती पहिल्या दिवसापासून सांगत असणार, आम्ही रसायनशास्त्राच्या नादात ऐकलं नाही.

भाऊजींनी काचेला नुसता एक तळवा टेकवला आणि लगेच मागे घेतला.

आता अर्धी पैज जिंकली होती. उरलेली अर्धी म्हणजे जेवण. हातात तीन दिवस. आणि जेवणात साबुदाणा चालणार नाही, हे आता भाऊजींनाही कळलं होतं. शुक्रवारी कांताबाई बाजारातून चार झिंगे घेऊन आली. पुडी हातात धरून ती जिन्यातच उभी राहिली. आत यायचं की नाही, हे भाऊजी सांगेनात. मी म्हटलं, माझ्या घरी ठेवा, माझ्या फ्रिजला सोवळं नाही. भाऊजींनी मान हलवली. ते ताईच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले.

इथे ताईबद्दल एक सांगायला हवं. आग्रह भाऊजींचा, पण पाहुण्याचं पथ्य सांभाळायची ती. कोणाला मधुमेह, कोणाला आंबट चालत नाही, जैन शेजारणीला कांदा-लसूण नको, सगळ्यांची वेगळी वाटी तिच्याकडे तयार. एकदा भाऊजींच्या साहेबांना वैद्याने नुसती मुगाची पेज सांगितली होती, तर हिने अख्ख्या पंगतीत त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडली. भाऊजी फोटोसमोर एवढंच बोलले. मी दारात होते, म्हणून मला ऐकू आलं.

"पद्मिनी, पाहुणा आला आहे. त्याचं पथ्य वेगळं आहे."

मग मागे वळून म्हणाले, "कांताबाई, अंदर आओ."

झिंगे कांताबाईने मोरीत साफ केले. स्टीलच्या डब्यात घालून, त्यावर कागद लावून भाऊजींनी स्वतः ते फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवले. माझ्याकडून नळी सोडवून घेतली. नळीच्या टोकाला वाटाण्याएवढा तुकडा लावून ते पाटावर बसले. मी बजावलं, एकच तुकडा, एकदाच, आणि मग हात पाठीमागे. त्यांनी तुकडा अगदी अलगद हत्तीकानाच्या मधोमध सोडला. नळी बाहेर काढली. हात पाठीमागे बांधले, ड्यूटीवर साहेबांसमोर बांधतात तसे.

एक मिनिट काही झालं नाही. दुसऱ्या मिनिटाला कड थरथरली. मग एक बाजू वर उचलली गेली, मग दुसरी, आणि हळूहळू सगळ्या कडा एकत्र येऊन तोंड मिटलं. तुकडा आत. मोदक तयार.

"जेवलं," भाऊजी म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले, "जेवलं ना, शर्मिष्ठा?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसतही होते. दुसरा तुकडा वाढू का, असं त्यांनी विचारलं नाही. एवढी सुधारणा मी अपेक्षिली नव्हती.

रविवार उजाडला. आम्ही ठरवलं होतं, मंजिरी अकराला येते, साडेअकराला तिच्यासमोर वाढायचं. पण भाऊजी शेवटी भाऊजीच. सकाळी साडेआठला त्यांना वाटलं, पाहुणा उपाशी आहे, लेकीला उशीर झाला तर? त्यांनी एक तुकडा सोडून टाकला. आणि मंजिरी नेमकी नऊला हजर. ती पाटावर बसून वाकून बघते, तर समोर मिटलेला गोळा.

"बाबा, हे तर बंद आहे."

"बंद नाही, जेवून राहिलं!"

"मला कसं कळणार? शर्त खुलने की थी ना?"

"उघडेल. दोन-तीन तास लागतात त्याले."

मी भाऊजींकडे असं काही पाहिलं, की ते गॅलरीत निघून गेले. मंजिरी उसासा टाकून उठली. "मी चहा टाकते," म्हणाली आणि दूध काढायला तिने फ्रिज उघडला. दूध दाराच्या खालच्या खणात असतं. तिची नजर खालच्या कप्प्यावर गेली. कागद लावलेला डबा नवीन दिसला, तिने उघडला.

मग ती डबा दोन्ही हातांत धरून बाहेर आली.

"बाबा, हे काय आहे?"

भाऊजी गॅलरीतून आत आले, चोरी पकडलेल्या पोट्ट्यासारखे. "झिंगे आहेत," म्हणाले. "खालच्या कप्प्यात ठेवले. वर दही होतं, त्याले शिवू नाही दिले. चाकू वेगळा आहे."

"आईच्या फ्रिजमध्ये?"

"तिले विचारलं मी."

मंजिरीने आमच्या दोघांकडे पाहिलं. मग टीव्हीकडे पाहिलं. चष्मा अजून पेटीतच होता, तिथली जागा मोकळी होती. तिने तीही पाहिली. ती खुर्चीत बसली, डबा मांडीवर तसाच, आणि हसायला लागली. हसता हसता तिला हुंदका आला, मग पुन्हा हसू. "मला वाटलं, तुम्ही तिच्यासोबतच थांबून गेले बाबा," ती म्हणाली. "मला त्याचीच भीती वाटत होती. गॅसची नाही."

बाराच्या सुमाराला आम्ही तिघं आणि कांताबाई मागच्या काचेशी फरशीवर बसलो होतो. हत्तीकानाची एक कड सैल झाली, मग दुसरी, आणि ते पुरतं पसरलं. मंजिरी वाकून बघत राहिली. पण ती मंत्रालयातली आहे. फाइल सहजासहजी बंद करत नाही.

"एक बात बोलू, बाबा? जागा बदलली, तेव्हाच उघडलं ना हे?"

मला वाटलं, आता भाऊजी अडकले. भाऊजींनी डोळे हत्तीकानावरून हलवले नाहीत.

"हव," ते म्हणाले. "पण त्याले कोणी उचलून नाही नेलं."

मंजिरीने मोबाइल काढला, ती तारीख पुसली आणि त्याच जागी रोज सकाळी आठ वाजता 'बाबा, गोळी' असं लिहून ठेवलं. गॅस आपोआप बंद होणारी शेगडी पुढच्या रविवारी आणते म्हणाली. भाऊजींनी कुरकुर केली, पण बसवून घ्यायला कबूल झाले. मग त्यांनी तिला जेवायला बसवलं आणि तिच्या आडव्या हातावर पुरी ठेवली.

संध्याकाळी ती निघाली. भाऊजी गॅलरीत जाऊन उभे राहिले, मी त्यांच्या बाजूला. खाली तिने गाडी सुरू केली. भाऊजींनी नेहमीसारखा हात वर केला. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी गल्लीकडे बघत राहिले. गाडी थोडी पुढे गेली आणि थांबली. काच खाली झाली. मंजिरीचा हात बाहेर आला, सरळ वर, आणि तिने तो भाऊजी करतात तसाच हलवला. मग गाडी कोपऱ्यावरून वळली.

भाऊजींचा हात बराच वेळ वरच होता.

"मिळालं," ते म्हणाले. "शर्मिष्ठा, ऑल राइट मिळालं."